बॉलिंगच्या चेंडूची अपारंपरिक छिद्ररचना

टेनपिन बॉलिंगच्या चेंडूत बोटे आणि अंगठा घालण्यासाठी पाडायची छिद्रे चेंडूच्या आतील गाभ्याच्या संदर्भात नेमकी कोठे यावीत, याच्या आखणीला छिद्ररचना किंवा लेआउट म्हणतात. मधले बोट, अनामिका आणि अंगठा यांची तीन छिद्रे नेहमीच्या ठिकाणी पाडणे ही रूढ पद्धत आहे. अंगठ्याचे छिद्र मुळीच न पाडणे, ते मुद्दाम गाभ्याच्या जड बाजूवर आणणे किंवा पकडीशी काहीही संबंध नसलेले जादा छिद्र पाडणे या रचना अपारंपरिक मानल्या जातात. अशा रचनेमुळे चेंडूच्या वळणात फरक पडत असल्याने तिचा संबंध थेट स्पर्धेतील न्याय्यतेशी येतो.

बाहेरून गुळगुळीत दिसणारा हा चेंडू आतून एकजिनसी नसतो. कमाल १६ पौंड (७.२६ किलोग्रॅम) वजनाच्या आणि साधारण साडेआठ इंच व्यासाच्या या गोळ्यात विशिष्ट आकाराचा घन गाभा बसवलेला असतो, आणि त्याचा माथा कोठे आहे ते पृष्ठभागावरील रंगीत ठिपक्यावरून कळते. चेंडू सोडताना खेळाडूने ओलांडायची नसते त्या फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. त्यातील बऱ्याच भागावर तेलाचा थर असल्याने चेंडू आधी घसरतो आणि तेल संपल्यावर कोरड्या लाकडाला किंवा कृत्रिम पृष्ठभागाला धरून वळतो. हातातून सुटलेला चेंडू ज्या अक्षाभोवती फिरतो त्या अक्षाचे टोक आणि हा रंगीत ठिपका यांतील अंतर हा छिद्ररचनेचा पाया आहे. चेंडूचा परीघ जेमतेम २७ इंच असल्यामुळे हे अंतर शून्य ते पावणेसात इंच एवढेच असू शकते. ते शून्य असेल तर गाभा अक्षावर उभा राहतो, पावणेसात इंच असेल तर आडवा पडतो, आणि दोन्ही स्थितींत तो स्थिर असतो. अंतर या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन इंचांच्या आसपास आले की गाभा स्थिर स्थितीकडे सरकू पाहतो. त्याबरोबर फिरण्याचा अक्षही हलतो, प्रत्येक फेरीत चेंडूचा तेल न लागलेला नवा पट्टा जमिनीला टेकतो, घर्षण वाढते आणि चेंडू जोराने वळतो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन चेंडू वेगळ्या आखणीने ड्रिल केले, तर लेनवर त्यांच्या चालीत फरक दिसतो तो यामुळे.

वादाचा केंद्रबिंदू दीर्घ काळ संतुलन छिद्र, म्हणजे पकडीशी संबंध नसलेले जादा छिद्र, हा होता. अमेरिकेतील बॉलिंगची नियामक संस्था असलेल्या युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसच्या जुन्या नियमांनुसार चेंडूच्या डाव्या व उजव्या अर्धांच्या, तसेच बोटांकडील व अंगठ्याकडील अर्धांच्या वजनात एका औंसापेक्षा (सुमारे २८ ग्रॅम) अधिक तफावत चालत नसे. छिद्रे पाडताना ही मर्यादा ओलांडली गेली, तर जड बाजूचा माल काढण्यासाठी सव्वा इंच व्यासापर्यंतचे एक जादा छिद्र पाडण्याची मुभा होती. मुभा तोल साधण्यासाठी होती, तिचा वापर मात्र चाल बदलण्यासाठी होऊ लागला. छिद्र अक्षाच्या एका बाजूस पाडले की गाभ्याची अस्थिरता वाढे, दुसऱ्या बाजूस पाडले की ती कमी होई, आणि जाणकार ड्रिलर खेळाडूच्या हातानुसार त्याची जागा व खोली ठरवीत. या कौशल्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण त्यामागे चेंडूच्या गतीचा खराखुरा अभ्यास होता. तरीही चेंडूला स्पर्धेसाठी संस्थेची मंजुरी मिळताना तपासलेल्या गाभ्याचे गुणधर्म मंजुरीनंतर बदलण्याची ही वाट होती, आणि नियमाचा मूळ हेतू तिथे मागे पडला होता.

१ ऑगस्ट २०२० पासून या संस्थेने संतुलन छिद्रावर बंदी घातली आणि त्याच वेळी बाजूंच्या वजनातील तफावतीची मर्यादा एका औंसावरून तीन औंसांपर्यंत वाढवली. ही दोन पावले एकत्र टाकल्याने नियम सुसंगत झाला. मर्यादा सैल झाल्यावर तोल साधण्यासाठी जादा छिद्राची गरज उरली नाही आणि गरजेच्या आडून होणारा फेरफारही थांबला. चेंडूच्या वळणावर स्थिर वजनातील किरकोळ तफावतीपेक्षा कवचाच्या, म्हणजे चेंडूच्या बाहेरील थराच्या, पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणाचा कितीतरी अधिक परिणाम होतो, हे संस्थेच्या चाचण्यांतून दिसून आले होते, हेही येथे महत्त्वाचे आहे.

याच बदलात अंगठ्याच्या छिद्राचा प्रश्नही सोडवला गेला. ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमॉन्टे यांच्या यशानंतर दोन्ही हातांनी, अंगठा न घालता चेंडू सोडण्याची शैली जगभर पसरली. अशा खेळाडूच्या चेंडूवर अंगठ्याचे छिद्र असले तरी ते रिकामेच राहते, म्हणजे नाव पकडीचे आणि काम संतुलन छिद्राचे. शिवाय अंगठ्याचे बंधन नसल्याने बोटे त्याच दोन छिद्रांत ठेवून तळहात चेंडूच्या विरुद्ध बाजूस टेकवता येतो. तसे केले की अक्ष आणि गाभा यांचे नाते बदलते आणि एका चेंडूतून दोन वेगळ्या छिद्ररचना मिळतात. अंगठा घालून खेळणाऱ्याला त्यासाठी दुसरा चेंडू विकत घेऊन ड्रिल करावा लागतो. म्हणून आता पकडीचे प्रत्येक छिद्र प्रत्येक वेळी वापरलेच पाहिजे आणि अंगठ्याचे छिद्र नसलेल्या चेंडूवर तळहाताची जागा खुणेने दाखवली पाहिजे, असा नियम आहे. शैलीवर बंदी न घालता केवळ तिच्यातून मिळणारा जादा लाभ काढून घेणारा हा नियम संपूर्ण बदलातील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग म्हणावा लागेल.

साहित्यावरून उठलेला हा पहिला वाद नव्हे. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून यांनी चेंडू रसायनात भिजवून त्याचे कवच मऊ केले आणि त्या वर्षीचे सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू ठरले. त्यानंतर कवचाच्या कठीणपणाची किमान मर्यादा नियमात आली. २०१६ मध्ये मोटिव्ह कंपनीच्या जॅकल मालिकेतील दोन चेंडूंची मंजुरी गाभ्याच्या अस्थिरतेची कमाल मर्यादा ओलांडल्यामुळे काढून घेण्यात आली.

मराठवाड्यात टेनपिन बॉलिंगची ओळख मुख्यतः शहरांतील मॉल आणि करमणूक केंद्रांतून होते. तेथील सामायिक चेंडू कोणाच्याही हाताला बेताने बसावेत असे ड्रिल केलेले असतात आणि ते बहुधा सरळच जातात, त्यामुळे छिद्ररचनेचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. तो उद्भवतो खेळाडू स्वतःचा चेंडू घेतो तेव्हा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथील ज्या खेळाडूला ड्रिलिंगसाठी महानगर गाठावे लागते, त्याला नियमबदलाची किंमत अधिक मोजावी लागते, कारण जुने संतुलन छिद्र रेझिनने बुजवून चेंडू पुन्हा समतल करण्याचे कामही त्याच दुकानात करून घ्यावे लागते. न्याय्यतेच्या चर्चेत नियमाच्या शब्दांइतकाच साधनांपर्यंत पोहोचण्याचा हा प्रश्न मोजला गेला पाहिजे.

वस्तुतः या कामाला लागणारी समज या विभागात परकी नाही. वाळूज आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींत फिरत्या भागाची जड बाजू शोधून तिथला धातू ड्रिलने काढणे हे बॅलन्सिंगचे परिचित काम आहे, आणि संतुलन छिद्रामागील मूळ कल्पना हीच होती. चेंडूचे ड्रिलिंगही उभ्या मिलिंग यंत्रावर जिगमध्ये चेंडू पक्का बसवून केले जाते. छिद्रांमधील अंतर, प्रत्येक छिद्राचा कल आणि इंचाच्या चौसष्टाव्या भागापर्यंतचा व्यास सांभाळावा लागतो. कल चुकला तर अंगठा अडकतो आणि मनगटावर ताण येतो. मात्र असा कारागीर नेमलाच तर खेळाडूचा अक्ष कसा शोधायचा हे त्याला खेळाडूकडूनच शिकून घ्यावे लागेल. त्यासाठी खेळाडू नेहमीसारखा चेंडू टाकतो, आणि चेंडूवर उमटलेल्या तेलाच्या पहिल्या कड्यावरून अक्षाचे टोक मोजून काढतात.

स्पर्धेपूर्वी चेंडूची तपासणी विशिष्ट तराजूवर केली जाते. चेंडू त्यात ठरावीक दिशांनी ठेवून दोन अर्धांच्या वजनातील फरक पाहतात, छिद्रे मोजतात आणि कवचाचा कठीणपणा मापकाने तपासतात. हात किंवा हाताचा मोठा भाग गमावलेल्या खेळाडूंना चेंडू धरण्यासाठी विशेष साधन वापरण्याची परवानगी मिळू शकते, परंतु त्या साधनाने चेंडूला स्वतःचा जोर देता कामा नये.