लोकसंगीताचं जतन आणि ‘मूळ चाल’ नावाचा गुंता

लोकसंगीत वाचवायचं म्हटलं की रेकॉर्ड करा नि वाद्यं म्युझियममध्ये ठेवा, एवढंच डोळ्यासमोर येतं. ही सवय मेणाच्या सिलिंडरपासूनची, म्हणजे ज्यावर सुरुवातीच्या काळात आवाज कोरून घ्यायचे त्या नळकांड्यांपासूनची. १८९० मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वोडी या आदिवासी लोकांची गाणी फोनोग्राफ या ध्वनिमुद्रण यंत्रावर घेतली गेली, पुढच्या दहा वर्षांत व्हिएन्ना आणि बर्लिनला ध्वनिसंग्रह सुरू झाले. सिलिंडरवर मावायची जेमतेम दोन ते चार मिनिटं, त्यामुळे लांबलचक गाणं असलं तरी तेवढंच घ्यायचं, आणि मग बऱ्याचदा तो तुकडाच ‘मूळ चाल’ होऊन बसला.

खरा गोंधळ १९५४ च्या व्याख्येचा. ब्राझीलमधल्या साओ पाउलोला आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषद या संस्थेच्या बैठकीत ठरलं की लोकसंगीत म्हणजे तोंडी परंपरेतून घडत गेलेलं संगीत आणि त्याला आकार देतात तीन गोष्टी: सातत्य, बदल आणि समाजाची निवड. कुणीतरी रचलेलं लोकप्रिय गाणं लोकांनी जसंच्या तसं उचललं तर ते यात बसत नाही, पण गाता गाता बदललं, आपलंसं केलं तर बसतं. मला हे पटतं, कारण इथे बदल ही अटच आहे. मग संग्रहातली एकच आवृत्ती प्रमाण धरून आजच्या गायकाला तू चुकीचं गातोस असं कसं म्हणायचं? पुढे १९८१ मध्ये ती व्याख्या करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या नावातला ‘लोक’ काढून ‘पारंपरिक’ घेतला, तरी ‘मूळ’चा हट्ट काही सुटला नाही.

वाद्यांचंही तसंच. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी १९१४ मध्ये केलेल्या वाद्यांच्या वर्गीकरणात नाद कशातून निघतो यावरून चार गट पडले, म्हणजे आपलं तत (तारांची), सुषिर (फुंकून वाजवायची), अवनद्ध (कातड्याची), घन (ठोकून वाजवायची) याच्या अगदी जवळचं, आणि कॅटलॉगसाठी ते सोयीचं आहे. पण कातडं किती ताणायचं, लाकूड किती वाळवायचं हे त्यात येत नाही, ते कारागिराच्या हातात असतं. आणि जुनं वाद्य वाजवायचं की नाही हा वाद वेगळाच, तारा ताणून ठेवल्या तर लाकूड वाकतं, आणि वाजवलंच नाही तर ते वाजवायचं कसं हे सांगणारं माणूस उरत नाही.

लोकपरंपरा जपण्याबद्दलच्या युनेस्कोच्या १९८९ च्या शिफारशीत भर अजून नोंदी आणि संग्रहांवरच होता. युनेस्कोच्याच अमूर्त सांस्कृतिक वारशाबद्दलच्या २००३ च्या करारात, जो २००६ पासून लागू झाला, वाद्यं आली ती ज्ञान, कौशल्य आणि ते जपणाऱ्या समाजांसोबत. अमेरिकेत तर १९७९ पासूनच जुन्या सिलिंडरांच्या प्रती काढून ज्यांची गाणी होती त्या आदिवासी समाजांना परत द्यायचं काम सुरू झालं होतं.