रेड्डी, कृष्णा

(१९२५–२०१८). अमूर्ततेकडे झुकलेले भारतीय मुद्राचित्रकार (कोरलेल्या पत्र्यावरून चित्रे छापणारे) व शिल्पकार. जन्म आंध्र प्रदेशात. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण. पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत हेन्री मूर व पॅरिसमध्ये ऑसिप झाडकिन यांच्याकडे शिल्पकलेचा अभ्यास. पॅरिसमध्येच ते ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘अतलिए १७’ या कार्यशाळेत दाखल झाले. हे साल १९५१ ते १९५३ च्या दरम्यानचे असावे. १९६४ पासून ते तेथील सहसंचालक होते.

रेड्डींचे नाव प्रामुख्याने जोडले जाते ते ‘व्हिस्कॉसिटी’ (श्यानता, म्हणजे शाईचा दाटपणा) मुद्रणाशी. या तंत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते हेटर यांना देतात. एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग उमटवण्याचे त्यांचे प्रयोग १९४० च्या दशकातले आहेत, हे खरे. पण त्यांत वरचे रंग जाळीच्या पडद्यातून पत्र्यावर घातलेले असत. शाईच्या दाटपणाचा उपयोग मात्र रेड्डी आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून आलेले कैको मोती यांच्या खटपटीतून आकाराला आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकाच टेबलाभोवती चाललेल्या कामात पहिला मान कोणाचा, हे ठरवणे तसे अवघडच.

तंत्राचे मर्म तेलात आहे. जस्ताचा पत्रा आम्लाने व हत्यारांनी निरनिराळ्या खोलीपर्यंत कोरतात. खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेतात. मग जवसाचे तेल जास्त असलेली पातळ शाई कडक रुळाने फिरवतात. ती फक्त उंचवट्यांना लागते. त्यानंतर मऊ रुळाने घट्ट शाई. रूळ दबून खोलगट भागांत पोचतो, पण उंचवट्यांवरची तेलकट शाई घट्ट शाईला धरू देत नाही. म्हणून रंग एकमेकांत न मिसळता शेजारी राहतात. कार्यशाळेतील उष्मा वाढला तरी शाई पातळ होते आणि हिशेब चुकतो.

रेड्डींनी पत्रा शिल्पासारखा घडवला. हेटर यांच्या वाहत्या रेषेपासून त्यांचे वेगळेपण येथेच दिसते. ‘व्हर्लपूल’ (१९६३) मध्ये पाण्याचा भोवरा ओळखू येतो न येतो तोच केंद्राकडे ओढणारी रेषांची जाळी उरते. ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ (१९६८) मध्ये मानवाकृती परततात. ‘ग्रेट क्लाउन’ (१९८० चे दशक) त्यांनी एकाच पत्र्यावरून अनेक रंगसंगतींत छापले.

पद्मश्री १९७२. पुढे न्यूयॉर्कमध्ये अध्यापन, तेथेच निधन.