डोंबिवलीच्या स्टेशनावरून आलेली संख्या

12345678987654321. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. सतरा अंकी संख्या, उलटीकडून वाचली तरी तीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावं लावली, तर तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. पुढचं स्थान परार्ध, आणि तिथे ती यादीच संपते.

गणितात या जातीच्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. डेमलो हा कुणी ग्रीक पंडित नव्हे. जी.आय.पी. रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे) मुंबईपासून 30 मैलांवरचं ते स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना ही कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं. लोकल चुकली की आपण नुसते वैतागतो!

कापरेकरांचा जन्म 1905 चा, डहाणूचा. फर्ग्युसनमधून 1929 साली बी.एस्सी. झाले आणि पुढे देवळालीत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलं. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं (चारही अंक सारखे नसतील तर) की शेवटी 6174 येते; या 6174 मुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण माझ्या मते त्यांचा खरा स्वभाव डेमलोत दिसतो. त्यांची अट अशी: डावा आणि उजवा तुकडा यांची बेरीज केली की मधलाच अंक सगळीकडे यावा. 165 मध्ये 1 आणि 5 मिळून 6. आपल्या संख्येत 12345678 आणि 87654321 मिळवा: 99999999. मध्ये 9 बसलेलाच आहे.

‘हर्षद’ हे नावही त्यांचंच, म्हणजे हर्ष देणारी. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. इथे बेरीज येते 81, आणि 81 ने भागल्यावर 152415789971041 येतात, बाकी शून्य. हा भागाकार पुन्हा 12345679 चा वर्ग आहे. या 12345679 मध्ये 8 नाही. त्याला 9 ने गुणलं की नऊ एकं येतात, हा खेळ अनेकांनी शाळेत केलेला असेल.

आणि त्या नऊ एकांचा वर्ग म्हणजेच आपली संख्या. पाटीवर उभा गुणाकार मांडून पाहा. 111111111 च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. पहिल्या उभ्या रांगेत एक 1, दुसरीत दोन, मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतार. हातचा कुठेच येत नाही, म्हणून अंक जिथल्या तिथे राहतात. दहा एकं घेतली की मधल्या रांगेत दहा होतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येतं 1234567900987654321. उलटीकडून वाचली तर आता ती तीच राहत नाही. आणि चढणीवर नेमका 8 च गळालेला असतो.