अँबियंट वादन, ॲनालॉग सिंथेसायझरवरील

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरवर (विद्युत्-मंडलांतून नाद निर्माण करणाऱ्या वाद्यावर) एक-दोन स्वर दीर्घकाळ धरून, त्यांच्या नादगुणात हळूहळू फरक करत केलेले उत्स्फूर्त वादन. ‘अँबियंट’ ही संज्ञा ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेपासून रूढ झाली.

उगमाबाबत एकमत नाही. एक मत फ्रेंच संगीतकार एरिक साती यांच्या ‘फर्निचर म्युझिक’कडे (सु. १९१७) बोट दाखवते, पण तेथे छोटे तुकडे पुन्हापुन्हा वाजतात, धरलेला स्वर नाही. दुसरे मत तंबोऱ्याकडे जाते. ला मॉन्टे यंग व टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार १९७० पासून किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकले खरे, पण यंग यांची दीर्घ स्वरांची ‘ट्रिओ फॉर स्ट्रिंग्ज’ १९५८ ची आहे. अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका यंग यांनी १९५० च्या दशकात ऐकली होती. तेव्हा तंबोऱ्याचा संस्कार मानायचा तर तो गुरूच्या आधीचा मानणे अधिक सयुक्तिक.

या वादनातील एक परिचित वाद्य म्हणजे ब्रिटनच्या ईएमएस कंपनीचे व्हीसीएस ३ (१९६९). त्यात तीन ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारी मंडले) असून जोडण्या वायरींऐवजी १६ × १६ छिद्रांच्या पाटीत पिना खोचून करतात. पांढऱ्या व लाल पिनेत २.७ किलोओहमचा रोधक असतो. लाल पिनेची अचूकता १ टक्क्याची, म्हणून स्वर ठरवणाऱ्या जोडणीला तीच वापरावी. यंत्र अर्धा तास तापू द्यावे, नाहीतर स्वर सरकत राहतो. मग एक ऑसिलेटर ११० हर्ट्‌झवर, दुसरा ११०.२ वर ठेवला, की दर पाच सेकंदांनी एक हेलकावा (विस्पंद) येतो. तंबोऱ्याची जोड लावताना कान हाच हेलकावा मिटवू पाहतो. येथे तो मुद्दाम राखतात. फिल्टरची (नादातील वरच्या कंप्रता छाटणाऱ्या भागाची) खुंटी हाताने, काही मिनिटे घेत उघडतात. ती खरखरली तर बहुधा आत धूळ असते.

पुनरावृत्तीसाठी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून नेतात. पहिला मुद्रित करतो, दुसरा वाजवतो. फितीचा वेग सेकंदाला १९ सेंमी. आणि दोन हेडांमधील (फितीवर ध्वनी मुद्रित करणाऱ्या व तो वाचणाऱ्या भागांमधील) अंतर ११४ सेंमी. असेल, तर विलंब सहा सेकंदांचा. दुसऱ्याचा आवाज पहिल्याकडे थोडा कमी करूनच परत द्यावा. तो मूळ पातळीला पोहोचला, की फितीची सळसळ दर फेरीला साचून स्वर गिळते. ताण असमान असला तर स्वर लहरतो. रायली यांनी ही पद्धत १९६३ मध्ये पॅरिसमध्ये वापरली. इनो यांच्या ‘डिस्क्रीट म्युझिक’मध्ये (१९७५) तिला सिंथेसायझरची जोड मिळाली.

भारतात अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी केलेल्या मुद्रणांपैकी निवडक २०२३ मध्ये प्रकाशित झाली.