‘अक्षरे शिकू नयेत’ म्हणणाऱ्या संघाची विद्या

‘हे प्रभो, मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही प्रार्थना कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या बहुतेकांना पाठ असते, आणि ती असिसीकर संत फ्रान्सिस यांची म्हणूनच पाठ असते. ती त्यांची नाही. छापील रूपात ती पहिल्यांदा दिसते १९१२ साली, पॅरिसच्या ‘ला क्लोशेत’ नावाच्या लहानशा फ्रेंच मासिकात, आणि तिथेही लेखकाचे नाव नाही. फ्रान्सिस वारले ३ ऑक्टोबर १२२६ रोजी. त्यांच्या लेखनाच्या जुन्या हस्तलिखितांत ही प्रार्थना सापडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा विद्यार्थी फ्रान्सिस्कन ईशज्ञानाकडे, म्हणजे फ्रान्सिस यांच्या भिक्षुसंघाच्या थिऑलॉजीकडे, वळला की पहिला धक्का बसतो तो इथे. पुढची वीस-तीस वर्षे त्याला प्रामुख्याने हेच करायचे असते: कोणते वचन कुणाचे, ते कोणत्या प्रतीत आहे आणि त्या प्रतीवर विश्वास का ठेवायचा, हे ठरवणे.

मुळात फ्रान्सिस यांच्या या संघाला विद्येचे वावडे होते. पोप होनोरियस तिसरे यांनी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी मान्य केलेल्या संघाच्या नियमाच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की ज्यांना अक्षरे येत नाहीत त्यांनी ती शिकण्याच्या मागे लागू नये. कारण व्यवहारी होते. ग्रंथ म्हणजे कातड्याची पाने, म्हणजे पैसा; ग्रंथ आले की ते ठेवायला जागा लागते, आणि जागा आली की मालकी आली. तरीही त्याच सुमारास पदुआच्या अँथनी यांना (आपल्याकडे मंगळवारच्या ‘नोव्हेना’ प्रार्थनेचे संत ते हेच) फ्रान्सिस यांनी चार ओळींचे पत्र पाठवून बंधूंना ईशज्ञान शिकवायला परवानगी दिली. अट एकच: अभ्यासापायी प्रार्थनेची वृत्ती विझू नये. शिकवण्याच्या या परंपरेचा दाखला म्हणून आजही हेच पत्र पुढे केले जाते.

पुढची उडी १२३६ च्या आसपासची. पॅरिस विद्यापीठातले नामवंत प्राध्यापक अलेक्झांडर ऑफ हेल्स यांनी उतारवयात फ्रान्सिस्कन वस्त्र घेतले, पण अध्यासन सोडले नाही. परिणामी अध्यासनच संघाकडे आले. त्यांच्या शिष्यांपैकी बोनाव्हेंचर १२५७ मध्ये संघाचे सर्वोच्च प्रमुख झाले. ईशज्ञान कशासाठी, तर आपण चांगले व्हावे यासाठी, हे त्यांचे उत्तर. पन्नासेक वर्षांनी याच संघातल्या जॉन डन्स स्कोटस यांनी त्याला तर्काची धार दिली: ईशज्ञान हे आचरणाचे शास्त्र आहे. शिवाय मानवाने पाप केले नसते तरी ख्रिस्ताने देह धारण केलाच असता, कारण तो निर्णय पापाची दुरुस्ती म्हणून नव्हे तर प्रेमापोटी झालेला आहे. डॉमिनिकन संघाच्या थॉमस अक्वायनस यांचा कल वेगळा होता: देहधारणा झाली ती पापावरचा उपाय म्हणून. या दोन बाजूंतला फरक फळ्यावर दोन रकाने आखून शिकवतात, आणि तिथेच विषय सपाट होतो. दोन्ही बाजू कोणत्या प्रश्नाला उत्तर देत होत्या हे आधी सांगावे लागते.

संस्थापकाच्या आठवणींचा प्रश्न मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण तो आपल्याकडेही आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या. परंपरा सांगते की मूळ प्रत धावपळीच्या काळात हरवली आणि अनुयायांनी ती पुन्हा आठवणीतून उभी केली. म्हणून ‘लीळाचरित्र’ म्हटले की पाठभेद आलेच. तेराव्या शतकातल्याच या दुसऱ्या भिक्षू पंथात गोष्ट उलटी घडली. बोनाव्हेंचर यांनी लिहिलेले चरित्र अधिकृत ठरल्यावर १२६६ च्या पॅरिस सभेने आधीची सर्व चरित्रे नष्ट करण्याचा हुकूम काढला. फ्रान्सिस्कन मठांनी तो पाळला. प्रती वाचल्या त्या बऱ्याच अंशी इतर संघांच्या मठांत, जिथे हा हुकूम चालत नव्हता. फ्रान्सिस यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी लिहिलेले एक संक्षिप्त चरित्र तर थेट २०१४ मध्ये एका लिलावासाठी आलेल्या छोट्या हस्तलिखितात ओळखले गेले, आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते विकत घेतले.

आजची अभ्यासपद्धती मात्र एकोणिसाव्या शतकातली. फ्लॉरेन्सजवळच्या क्वाराक्की इथे १८७७ मध्ये संपादकांचे केंद्र निघाले आणि १८८२ ते १९०२ या काळात बोनाव्हेंचर यांचे समग्र लेखन दहा खंडांत आले. पहिले चार खंड पीटर लोम्बार्ड यांच्या ‘सेंटेन्सेस’ या ईशज्ञानाच्या तेव्हाच्या पाठ्यपुस्तकावरील भाष्याचे, ‘इतिनेरारियुम’ आणि ‘ब्रेव्हिलोक्वियुम’ हे ग्रंथ पाचव्यात, संघजीवनाविषयीचे लेखन आठव्यात. प्रबंधात संदर्भ याच आवृत्तीचा खंड आणि पृष्ठ देऊन द्यायचा असतो. इंग्रजी अनुवादाचे पान दिले तर परीक्षक तो प्रबंध परत पाठवू शकतो, आणि ते योग्यच आहे. फ्रान्सिस यांच्या स्वतःच्या लेखनासाठी कायेटान एसर यांची १९७६ ची आवृत्ती पायाभूत मानतात.

स्कोटस यांच्या बाबतीत जास्त सांभाळावे लागते. एकाच विषयावर त्यांची तीन प्रकारची टिपणे आहेत: ‘लेक्तुरा’ म्हणजे ऑक्सफर्डमधली सुरुवातीची व्याख्याने, ‘ओर्दिनातियो’ म्हणजे त्यांनी स्वतः सुधारत नेलेला पाठ आणि ‘रेपोर्तातियो’ म्हणजे ऐकणाऱ्यांनी उतरवून घेतलेला. तिन्हींची सरमिसळ केली की त्यांचे मत बदलत गेले हेच दिसेनासे होते. त्यात फ्रान्सिस्कन संपादक ल्यूक वाडिंग यांच्या १६३९ च्या आवृत्तीत इतरांचेही ग्रंथ शिरले होते. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९१५ मध्ये स्कोटस यांच्यावर प्रबंध सादर केला, पण ज्या व्याकरणग्रंथावर त्याचा मोठा भाग उभा होता तो निघाला एर्फुर्टच्या थॉमस यांचा. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत. स्कोटस यांच्या लेखनाच्या व्हॅटिकनच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड १९५० मध्ये आला.

आता नोकरीचे. आपल्याकडच्या नेट परीक्षेत ईशज्ञान हा विषय नाही. तत्त्वज्ञान आहे, धर्मांचा तौलनिक अभ्यास आहे. सरकारी विद्यापीठात शिकवायचे तर त्यापैकी एकात ५५ टक्क्यांनी एम.ए. आणि नेट किंवा पीएच.डी. हा मार्ग, म्हैसूर आणि मद्रास विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभागही आहेत. चर्चच्या विद्याशाखेची वाट वेगळी. २०१७ च्या ‘व्हेरितातिस गाउदियुम’ या पोपच्या नियमावलीप्रमाणे पहिला टप्पा पाच वर्षांचा, तत्त्वज्ञानाची दोन वर्षे आधी झाली असतील तर तीन वर्षांचा. मग लायसेन्शिएट ही त्यापुढची पदवी, दोन वर्षे. नंतर डॉक्टरेट. श्रद्धा आणि नीती शिकवणाऱ्याला कुलपतींकडून अधिकृत नेमणूक लागते आणि कायमस्वरूपी होण्याआधी रोमची हरकत नसल्याचा दाखला. पुण्याची ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ) ही जवळची अशी संस्था, पण ती येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइटांची. फ्रान्सिस्कन विशेषाभ्यासासाठी पुष्कळ जण रोमच्या अँतोनियानुम या फ्रान्सिस्कन विद्यापीठात जातात, म्हणजे लॅटिनबरोबर इटालियनही आली. लॅटिन डॉक्टरेटला शिकू असे म्हणणारे अडकतात. ती लायसेन्शिएटच्या आधीच हातात हवी.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याकडे असलेली एक गोष्ट मात्र रोममधल्या सहाध्यायांकडे नसते. बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. त्याआधी या मुलखाचा बराचसा चर्चव्यवहार गोव्याशी जोडलेला. आणि गोव्यात फ्रान्सिस्कन सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आले, बारदेस तालुका त्यांच्याकडे होता. पाउलो दा त्रिन्दादे यांनी १६३० च्या दशकात गोव्यात संघाचा इतिहास लिहिला, तो छापला गेला लिस्बनमध्ये, १९६२ ते १९६७ दरम्यान, तीन खंडांत. बारदेसच्या बंधूंनी कोंकणीचे व्याकरण रचले. पुढे १६८४ मध्ये त्याच संघाच्या आग्रहाचा आधार घेऊन व्हाइसरॉयने हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषेच्या प्रश्नावर वाढलेल्या बेळगावकराने हे प्रकरण टाळून फ्रान्सिस्कन नम्रतेवर प्रबंध लिहिला तर तो अपुरा ठरेल.

चोर्ला घाट उतरला की पणजीचे पुराभिलेखागार आहे. तिथे आधी पोर्तुगीज, मग सतराव्या शतकातली संक्षेपाक्षरे वाचण्याचा सराव, असा क्रम ठेवावा. जुन्या लोहयुक्त शाईने कागद खाल्लेला असतो, त्यामुळे ओळींतले शब्दच गळून पडलेले दिसतात. अशा जागी अंदाजाने शब्द भरू नयेत, चौकटी कंसात टिंबे द्यावीत. विषय निवडताना ‘संत फ्रान्सिस आणि पर्यावरण’ हा घेऊ नये. १९७९ मध्ये ते पर्यावरणाचे आश्रयदाते संत ठरल्यापासून त्यावर ढीगभर लिहिले गेले आहे. बारदेसमधल्या एका धर्मग्रामातले (पॅरिशमधले) पन्नास वर्षांचे कागद आणि त्यांतली उपदेशाची भाषा, एवढे पुरते. ते वाचायला कोंकणी, मराठी आणि पोर्तुगीज लागते. पहिल्या दोन या भागात पुष्कळांना घरातूनच येतात.