व्यक्तिछायाचित्रणासाठी कॅमेऱ्याची निवड

माणसाचा फोटो दोन तऱ्हांनी निघतो. एकात तो फोटोसाठी म्हणून समोर बसतो. हा पोझचा फोटो. दुसऱ्यात तो आपल्याच नादात असतो. लग्नघरांपासून सगळीकडे याला आता कँडिड म्हणतात. कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आधी या फरकाचा विचार करावा.

कोल्हापूरला हा विषय घरचा आहे. बाबुराव पेंटर यांनी सिनेमाचा देशी कॅमेरा इथेच घडवला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे.

कँडिडला लहान, बिनआवाजी आणि चटकन सज्ज होणारा कॅमेरा लागतो. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकामुळे ३५ मिमी फिल्मचा, हातात मावणारा कॅमेरा रस्त्यावर उतरला. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, दर फोटोला आरसा वर उचलला जातो आणि त्याचा खटका ऐकू येतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो. इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे पडदा न हलवता चित्र टिपण्याची सोय, लावले की आवाजही जातो. मात्र हे शटर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे वेगात फिरलेला हात वाकडा येतो आणि ट्यूब किंवा एलईडीखाली फोटोवर पट्टे उमटू शकतात.

कुस्तीच्या तालमीत म्हणूनच साधे, पडदा हलवणारे मेकॅनिकल शटर बरे. शड्डू ठोकण्याच्या आवाजात खटका कोणाच्या ध्यानातही येत नाही. उजेड कमी आणि झटापट वेगाची, तेव्हा एफ १.८ ची प्राइम लेन्स (झूम नसलेली, भरपूर उजेड आत घेणारी), शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे गेला तरी चालेल. खरी भीती तांबड्या मातीची. कुस्तीच्या हौदाजवळ लेन्स बदलली की बारीक धूळ सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या फोटोंत डाग दिसू शकतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल तेच करतो. तिथे न निघणाऱ्या लेन्सचा छोटा कॅमेरा उत्तम.

पोझच्या फोटोत घाई नसते, म्हणून जड कॅमेराही चालतो. मीडियम फॉरमॅटचा ४४×३३ मिमी सेन्सर फुलफ्रेमच्या (३६×२४ मिमी) सुमारे १.७ पट क्षेत्रफळाचा असतो; कोल्हापुरी साजाचे मणी न् मणी, गालावरची उतरती सावली त्यात सुरेख येते. तरीही आधी पैसा दिव्यांवर आणि दुरूनही चेहरा मोठा दाखवणाऱ्या ८५ मिमी लेन्सवर घालावा. फार जवळून घेतले की नाक मोठे दिसते. दोनेक मीटरवरून चेहरा जसा आहे तसा येतो. जुन्या स्टुडिओतल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात फोटोग्राफर वरून खाली बघे, त्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नसे. आज ट्रायपॉड आणि रिमोट घेतला की तीच सोय होते, आणि बसलेला माणूस भिंगाऐवजी फोटोग्राफरकडे बघून बोलतो.

एकच बॉडी (लेन्सविना कॅमेरा) घ्यायची तर मिररलेस घ्यावी, सोबत ३५ आणि ८५ मिमीच्या लेन्स. पहाटे वस्तादांना विचारून, हौदात मातीने माखलेला पैलवान ३५ ने टिपता येतो. आंघोळ करून, फेटा बांधून, गदा खांद्यावर घेऊन तोच समोर उभा राहिला की ८५ लावावी. लेन्स बदलायची ती मात्र तालमीबाहेर येऊन.