दंडाला पट्टा पुरत नाही तेव्हा

रक्तदाब मोजायला बसलेल्या माणसाच्या दंडाभोवती पट्टा गुंडाळला जातो. वेल्क्रो जेमतेम चिकटतं, आणि हवा भरायला लागली की कर्रकर्र आवाज करत सुटतं. मग कुणीतरी पट्टा हाताने दाबून धरतं, जो आकडा येईल तो कागदावर उतरवतं आणि पुढच्या पेशंटला हाक मारतं. मोठ्या मापाचा पट्टा बहुधा कपाटात असतो. तो शोधायला दोन मिनिटं लागतात, आणि गर्दीच्या वेळी ती दोन मिनिटं कुणाकडेच नसतात.

या दोन मिनिटांचा हिशोब मांडता येतो. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी लागते. पिशवी तोकडी पडली की दाब धमनीपर्यंत पुरता पोचत नाही. धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते, आणि यंत्राला वाटतं हा सगळा दाब रक्ताचाच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकेका माणसाचा रक्तदाब वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्यांनी मोजून पाहिला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी जवळपास २० ने फुगला. १२५ चे १४५ झाले की ठणठणीत माणसाच्या हातात बीपीची गोळी पडते, आणि ही गोळी सहसा आयुष्यभर सुटत नाही.

लठ्ठपणाचे दुष्परिणाम म्हटले की यादी तोंडपाठ असते: मधुमेह, बीपी, हृदयविकार, गुडघे. यादी खरीच आहे. पण अंगावरची जास्तीची चरबी आजार घडवते तशी ती आजार झाकतेही, आणि अधूनमधून नसलेला आजार दाखवतेही, हे त्या यादीत कुठे नसतं. डॉक्टरांचे हात आणि कान, यंत्रं, सुया, औषधांचे डोस, रक्ताच्या रिपोर्टातल्या ‘नॉर्मल’च्या रेषा, सगळं एका ठरावीक अंगकाठीला धरून बेतलेलं आहे. त्या मापात न बसणाऱ्याची गाडी पहिल्या तपासणीलाच अडखळते. ऑपरेशनचं टेबल फार नंतर येतं.

घडवण्याबद्दल आधी थोडक्यात. चरबी म्हणजे शिलकीचं कोठार, असं बराच काळ मानलं जाई. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून स्रवतं आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. तेव्हापासून चरबीची गणना ग्रंथींमध्ये होऊ लागली. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी विशेष उपद्रवी. तिथल्या पेशी फुगल्या की प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात, दाह पेटवणारी रसायनं सोडतात, आणि यकृत व स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. मधुमेह आणि यकृतातली चरबी यांची वाट इथूनच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जास्तीच्या चरबीशी जोडलेले १३ प्रकारचे कर्करोग नोंदवले. गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा आणि रजोनिवृत्तीनंतर होणारा स्तनाचा कर्करोग त्यांत येतो. गुडघ्याचं गणित सरळ वजनाचं आहे: वजन एक किलोने उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

चरबी मोजायची कशी, इथेही गोची आहेच. बेल्जियमचे अडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचं होतं. लठ्ठपणाचं निदान त्यांच्या डोक्यातही नव्हतं. प्रौढांचं वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, एवढं त्यांनी मांडलं. १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याच गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं आणि आज तोच बीएमआय घरोघरी पोचला आहे. ३० आणि पुढे लठ्ठपणा, ही त्याची रूढ रेषा. आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच चढू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या सावधगिरीच्या रेषा सुचवल्या गेल्या. पण पैलवानाचे स्नायू आणि बैठ्या माणसाचं पोट यांतला फरक या आकड्याला कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या एका वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने म्हणून सुचवलं, की बीएमआयच्या जोडीला कंबरेचा घेर वगैरे मोजा, आणि चरबीमुळे अवयवांचं काम बिघडलंय का ते पाहून मगच लठ्ठपणाला आजार म्हणा.

आता लपवाछपवीकडे येऊ. पोट दाबून सुजलेलं यकृत किंवा गाठ हाताला लागणं, छातीवर स्टेथोस्कोप टेकवून बारीक आवाज टिपणं, ही डॉक्टरी विद्येची मुळाक्षरं. मधे चार-पाच बोटं जाडीचा थर आला की अक्षरं पुसट होतात. ईसीजीच्या रेघाही बुटक्या येतात. हृदय आणि छातीवर चिकटवलेली इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं, म्हणून.

सोनोग्राफीचं उदाहरण जरा निवांत पाहण्यासारखं आहे. शरीरात शिरलेला ध्वनी वाटेत विरत जातो. ढोबळ हिशोब असा, की दर सेंटिमीटरला आणि वारंवारतेच्या दर मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल घट. अंगावर फिरवायचा प्रोब पाच मेगाहर्ट्झचा आहे आणि वाटेत चार सेंटिमीटर जास्तीची चरबी आहे असं धरा. जाताना १० डेसिबल गेले, परतताना आणखी १०. वीस डेसिबलची घट म्हणजे परत आलेल्या ध्वनीची शक्ती शंभरावा हिस्सा. यावर उपाय कमी वारंवारतेचा प्रोब. ध्वनी खोल पोचतो, पण चित्र भरड येतं. गर्भातल्या बाळाचं व्यंग सोनोग्राफीत निसटण्याची शक्यता आईच्या वजनाबरोबर वाढते ती यामुळेच. सोनोग्राफी करणाऱ्याचा हात कितीही बसलेला असला तरी भौतिकशास्त्रापुढे त्याचं फारसं चालत नाही.

एमआरआयच्या जुन्या यंत्रांचं भुयार ६० सेंटिमीटर रुंद, नव्यांचं ७०. खांदे आणि पोट त्यात मावले नाहीत की तपासणीच होत नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र गंमत आहे. बोगद्यात माणूस मावला आणि टेबलाने वजन पेललं, तर पोटातली चरबी चक्क मदत करते. आतड्यांची वेटोळी, अपेंडिक्स, मूत्रपिंडं यांच्या मधे चरबीचा गडद थर आला की प्रत्येकाची कड स्वच्छ दिसते. अगदी काटकुळ्या माणसाच्या पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि रेडिओलॉजिस्ट डोळे ताणून बसलेला. चरबीच्या बाजूने बोलावं असं फार काही नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

रक्ताच्या चाचण्या तरी वजनाकडे न पाहता खरं बोलत असतील, असं वाटतं. तसं नाही. हृदयाचा पंप दमला की ते बीएनपी नावाचं रसायन रक्तात सोडतं. धाप लागलेल्या पेशंटची बीएनपी चाचणी वाढलेली आली तर हृदयाकडे बोट जातं. लठ्ठ माणसांत हा आकडा मुळातच कमी असतो. चरबीच्या पेशींवर हे रसायन पकडून निकालात काढणाऱ्या जागा असतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. आता एकाच माणसात काय काय जुळून येतं ते पाहा. जिना चढताना धाप लागते. तो स्वतःच म्हणतो, ‘वजनामुळे असेल.’ डॉक्टरही तेच म्हणतात. पाय सुजलेत, पण जाड पायांवर सूज चटकन ओळखू येत नाही. छातीतले आवाज दबलेले. सोनोग्राफीने पाहिलेल्या हृदयाचं चित्र धूसर. बीएनपी ‘नॉर्मल’. प्रत्येक तपासणी आपल्या परीने थोडी चुकली, आणि सगळ्या एकाच दिशेने चुकल्या. म्हणूनच लठ्ठ पेशंटसाठी बीएनपीची रेषा खाली ओढावी असं हृदयरोगतज्ज्ञ सांगतात.

फेरिटिनचं उलट होतं. शरीरात लोह किती शिल्लक आहे हे ते सांगतं, पण दाह असला की तेही वाढतं. चरबीचा मंद दाह पेटलेला असतो, त्यामुळे लोह कमी असूनही रिपोर्ट सरळ दिसू शकतो आणि थकवा पुन्हा वजनाच्या खात्यावर जमा होतो.

हे ‘वजनाच्या खात्यावर’ प्रकरण मला यंत्रांच्या चुकांपेक्षा जास्त खुपतं. यंत्राची चूक आकड्यांत दुरुस्त करता येते. ‘आधी वजन कमी करा, मग बघू’ या वाक्याने मात्र तपासणीच थांबते. असं दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा दवाखान्याची पायरी चढायला कचरतो, आणि येतो तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. कधी कधी तर न सांगता वजन उतरतं आणि सगळे शाबासकी देतात. लठ्ठ माणसाचं काहीही न करता वजन घटलं, तर त्याची चौकशी बारीक माणसाइतकीच तातडीने व्हायला हवी. कर्करोग वजनकाट्याकडे पाहून येत नाही.

ऑपरेशनपर्यंत पोचलो, की पहिली परीक्षा भूलतज्ज्ञाची. भूल दिल्यावर श्वास थांबतो आणि नळी घालून कृत्रिम श्वास सुरू होईपर्यंत फुप्फुसांत साठलेल्या ऑक्सिजनवर वेळ काढायची असते. नळीआधी मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन भरून घेतलेल्या निरोगी प्रौढाकडे अशी साधारण आठ मिनिटं असतात. अतिलठ्ठ माणूस उताणा झोपला की पोटाचा भार पडद्यासारख्या श्वासपटलाला वर ढकलतो, फुप्फुसातली शिल्लक घटते, वर शरीराची ऑक्सिजनची मागणी जास्त. आठ मिनिटांची जेमतेम तीन उरतात. जाड मानेत नळी घालायलाही जास्त वेळ लागू शकतो, आणि नेमका तोच हाताशी नसतो. यावरचा उपाय बघायला अगदी साधा आहे. पाठ, खांदे आणि डोक्याखाली उशा-चादरींचा उतार रचतात, इतका की कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत यावी. पोट खाली सरकतं, श्वासाची वाट सरळ होते.

घोरणं हा इथे विनोदाचा विषय राहत नाही. झोपेत श्वास अडणं, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, लठ्ठ माणसांत सर्रास असतं आणि अनेकदा कुणी तपासलेलंच नसतं. अशा माणसाला ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध दिलं तर झोपेत श्वास धोक्याइतका मंदावू शकतो. २००८ पासून वापरात असलेली स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची चाळणी यासाठीच. मोठ्याने घोरता का, दिवसा पेंगता का, झोपेत श्वास अडलेला कुणी पाहिला का, असे प्रश्न, शिवाय मानेचा घेर. अलीकडे एक प्रश्न नव्याने जोडला गेलाय: वजन घटवणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू आहेत का? त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं, आणि उपाशी असूनही पोटात अन्न राहिलं तर भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं.

डोसही एका मापाने ठरत नाही. काही औषधांचा डोस एकूण वजनावर बेततात, काहींचा चरबी वगळून उरलेल्या वजनावर. जखम पिकू नये म्हणून चीर देण्याआधी सेफाझोलिन हे अँटिबायोटिक देतात. नेहमी २ ग्रॅम, १२० किलोंपासून पुढे ३ ग्रॅम. तरीही लठ्ठ पेशंटच्या टाक्यांत संसर्ग जास्त होतो. चरबीच्या थरात रक्तवाहिन्या विरळ, ऑक्सिजन कमी, आणि टाके घातल्यावरही आत पोकळी राहून पाणी साचतं. पायात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, पोटाच्या जुन्या चिरेतून हर्निया येण्याचाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनने मोठी चीर टळते, त्यामुळे त्याचा फायदा या पेशंटना इतरांपेक्षा अधिक. जठराच्या ऑपरेशनला मात्र चरबीने सुजलेलं यकृत आडवं येतं. म्हणून वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात. तेवढ्यात यकृत इतकं आकसतं की सर्जनला त्याच्याखाली जागा मिळते.

इतकं सगळं असूनही ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे आकडे काही मोठ्या अभ्यासांत चक्रावून टाकतात. सर्वांत वाईट स्थिती कुपोषित, कमी वजनाच्या पेशंटची दिसते, आणि सौम्य लठ्ठ माणसं कधी कधी ‘नॉर्मल’ वजनाच्यांपेक्षाही बरी तरतात. याला लठ्ठपणाचा विरोधाभास म्हणतात. मला यात चरबीचं कौतुक दिसत नाही. आजाराने आधीच झिजलेले लोक बारिकांच्या गटात जमा झालेले असतात, आणि फार धोक्याच्या लठ्ठ पेशंटना टेबलावर घेतलंच जात नाही. चाळून घेतलेल्या धान्यात खडे कमीच सापडायचे.

ही चाळणी गुडघ्याच्या रोपणात सर्वांत बोचते. बीएमआय ४० च्या वर गेला की अनेक सर्जन थांबायला सांगतात. संसर्गाचा धोका खरोखर वाढतो, त्यांची भीती निराधार नाही. पण ज्याला गुडघ्यामुळे चालता येत नाही त्याला ‘चालून वजन उतरवा’ सांगून काय होणार? वेदना कमी होण्याचा फायदा लठ्ठ पेशंटनाही भरपूर मिळतो, आणि एका आकड्यावर दार लावून घेणं मला तरी पटत नाही.

आणि या सगळ्या रांगेत, ऑपरेशनआधीच्या फिटनेसला, बीपी पुन्हा एकदा मोजलं जातं. ते १८०/११० च्या वर निघालं तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार होतो. तेव्हा साधी मोजपट्टी घ्यावी आणि खांदा ते कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर पाहावा. २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर नेहमीचा पट्टा चालतो. ३५ ते ४४ ला मोठा लागतो, ४५ ते ५२ ला त्याहून मोठा. तो कपाटातून काढून देईपर्यंत दंड पुढे करू नये.